सात नंबर गाडीची तक्रार

शुक्रवार, ३ नोव्हेंबर १९६७
अबू धाबी

ग्लॅडस्टनने सत्तर वर्षं रोजनिशी लिहिली. चार वेळा पंतप्रधान झाला, फावल्या वेळात कुऱ्हाड घेऊन झाडं तोडली, आणि तरीही आपला दिवस कुठे गेला हे लिहून ठेवायला त्याला सवड मिळाली. मला काय धाड भरलीय? जुम्म्याची सुट्टी आहे, साहेबाने कंपनीची एक कोरी वही खुशीने दिली आहे, आणि कॅम्पातले बाकीचे लोक कपडे धुण्यात नाहीतर पत्ते कुटण्यात गुंतलेत. तेव्हा आजपासून सुरुवात.

वही देणारे साहेब म्हणजे मि. हॅलम, आमच्या कंपनीच्या गाड्यांचे आणि यंत्रांचे मॅनेजर. वहीबरोबर त्यांनी एक जाडजूड पुस्तकही वाचायला दिलंय. त्यात इंग्लंडचे राजे, मुत्सद्दी आणि विचारवंत, प्रत्येकाचं वीस-पंचवीस पानी चरित्र. मी बाणकोटच्या शाळेत अकरा वर्षं हाच इतिहास शिकवला हे ऐकून ते चकित झाले. म्हणाले, "हमदुल्ला, इथल्या माझ्या देशबांधवांनासुद्धा वॉलपोल कोण ते सांगता येणार नाही." शाळेत एकाही इन्स्पेक्टरने माझी अशी कदर केली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मास्तरकी सोडून या वाळूत कारकुनी करायला निघालो तेव्हा अम्मा म्हणाली होती, शिकलास ते फुकट गेलं. आज ती इथे हवी होती.

बुधवार, ८ नोव्हेंबर

दर बुधवारी दुपारी ड्रायव्हर माझ्या टेबलापुढे रांग लावतात. एकालाही लिहिता येत नाही. ते आपापल्या गाडीचं दुखणं सांगतात, मी ते गाड्यांच्या वहीत इंग्रजीत उतरवतो, ते खाली अंगठा उठवतात आणि वही साहेबाकडे जाते. माझ्या आधीचा मलबारी कारकून ड्रायव्हर बोलेल तसं लिहायचा. ती पानं साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवली होती. 'गिअर मेला.' 'टायर फाटलाय, अल्लाच वाचवील.' साहेब हसून म्हणाले, "ही मासळीबाजाराची भाषा झाली. खरा इंग्रज मनात असतं त्यापेक्षा थोडं कमीच बोलतो. तू इतिहास वाचलायस, तुला कळेल." शहाण्याला शब्दाचा मार. मला लगेच कळलं.

आज सात नंबर गाडीवाला लियाकत आला. लियाकत माझा मेव्हणा, धाकट्या बहिणीचा, अजराचा नवरा. मीच त्याला इथे नोकरी लावून दिली. हात सोन्याचे, पण तोंड म्हणजे तोफखाना. टेबलावर हात आपटून म्हणाला, "भाय, माझ्या गाडीचा ब्रेक खलास झालाय. पाय पार तळाला जातो तरी गाडी थांबत नाय. उतारावर माझ्या गाडीवरचा हारुन मागच्या चाकाखाली लाकूड टाकतो तेव्हा कुठे उभी ऱ्हाते. कुणाचा तरी जीव जाईल. सायबाला असंच लिही."

असंच कसं लिहिणार? पाव तास डोकं खाजवून मी एक वाक्य रचलं. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा होईल: 'सात नंबर गाडीच्या ब्रेकांमध्ये सुधारणेस काहीसा वाव आहे असे चालकाचे नम्र मत असून, सवडीनुसार त्यांकडे लक्ष पुरविल्यास तो आभारी राहील.' इंग्रजीत तर ते असं काही उतरलं की डिझरायलीनेही मान डोलावली असती.

"लिहिलंस?" लियाकतने विचारलं.

"लिहिलं."

त्याने शाईत अंगठा बुडवून माझ्या वाक्याखाली उठवला.

बुधवार, १५ नोव्हेंबर

साहेबांनी ते वाक्य फोरमनला मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. मला बोलावून म्हणाले, "याला म्हणतात लिहिणं." दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

ब्रेक मात्र तसाच आहे. लियाकतने पुन्हा तेच सांगितलं, आज आवाज जास्त चढवून. मी लिहिलं, 'पूर्वीच्या विनंतीचे स्मरण देण्याची चालक परवानगी घेतो.' अंगठा झाला. त्याच्याबरोबर गाडीवरचा मदतनीस हारुन आला होता. हा श्रीवर्धनचा, माझ्याच वयाचा, घरी बायको हव्वाबी आणि चार मुली. बगलेत तो लाकडाचा ठोकळा घेऊनच हिंडतो, एखादीने पोर काखेत मारावं तसा. माझ्या टेबलावरच्या पुस्तकाकडे बघून म्हणाला, "मास्तर, तुमच्या त्या चर्चिलला एकदा आमच्या गाडीत बसवा की. बघू लाकूड टाकायला उतरतो काय!"

सगळी रांग हसली. मीही हसलो. चर्चिलला जाऊन तीन वर्षं होत आली, हे त्या बिचाऱ्याच्या गावी नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

आज मिल वाचला. केवढा विचारवंत! स्वातंत्र्यावर त्याने जे लिहिलं त्यावर मी दरवर्षी वर्गात एक अख्खा तास बोलायचो. पण मला हे ठाऊक नव्हतं की तो पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकुनी करत होता. हिंदुस्थानला जाणारे खलिते लिहायचा. हिंदुस्थान त्याने आयुष्यात पाहिला नाही, पण खलिते असे की वरचे साहेब बोटही लावत नसत.

म्हणजे कंपनीची कारकुनी करणारा माणूस लहान असतो असं काही नाही. अम्माला पत्रात हे लिहिलं पाहिजे.

बुधवार, ६ डिसेंबर

रोजे सुरू होऊन चार दिवस झाले. दुपारी ओठ चिकटतात. माणसं चिडचिडी झालीत आणि लियाकत सगळ्यात जास्त. आज रांग मोडून पुढे आला. "भाय, तीन वेळा झालं. तू लिहितोस तरी काय? सायब काय बोलला?"

मी समजावलं की मोठ्या माणसांच्या मागे भुणभुण लावायची नसते, त्यांना एकदा कळवलं की पुरतं.

"मग मी गाडी बंद ठेवतो. फोरमन यल्ला यल्ला, चला चला करून बोंबलू दे. मी नाय चालवत."

इथे मला थोरल्या मेव्हण्याचा अधिकार वापरावा लागला. नव्या पुलाच्या चढावर रोज तीस खेपा खडी टाकायची आहे. या घाईत गाडी बंद ठेवली तर पुढच्या बोटीने घरी. अजराच्या पोटात सातवा महिना चालू आहे. मी म्हटलं, "वहीत नोंद आहे ना? तुझा अंगठा आहे ना खाली? मग जबाबदारी सायबाची. तू बिनघोर चालव. इंग्रजाच्या राज्यात लिहिलेलं वाया जात नाही."

त्याने वहीतल्या आपल्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तू शिकलेला हायस. तू सांगतोस तर चालवतो, इन्शाल्ला." तिसरी नोंद केली, अंगठा घेतला. हारुन बाहेर ठोकळ्यावर बसून वाट बघत होता.

बुधवार, १३ डिसेंबर

हारुन गेला.

शनिवार, १६ डिसेंबर

तीन दिवस लेखणी धरवली नाही.

बुधवारी सकाळी पुलाच्या चढावर सात नंबर खडी भरून चढत होती. वर पोचायच्या आत गिअर सुटला आणि गाडी मागे घसरू लागली. लियाकतने ब्रेक दाबला. हारुन नेहमीसारखा उडी मारून ठोकळा घेऊन चाकामागे धावला. खडी ओली होती, ठोकळा सरकला. लियाकत आरशात बघत ओरडत होता, "हारुन, हट! हट!" सगळ्यांनी ते ऐकलं. हारुन हटला नाही. मागे दहा-बारा पठाण मजूर टोपल्या घेऊन उभे होते, म्हणून तो पुन्हा ठोकळा लावायला वाकला.

त्याच दिवशी असरच्या नमाजनंतर दफन केलं. कबरीत मीही उतरलो होतो. त्याला उचलताना मला त्याचं वजन फार कमी वाटलं.

लियाकतला पोलिसांनी नेलं. आम्ही हिंदी लोक, म्हणून आमचा खटला इंग्रजांच्या एजन्सीतल्या, म्हणजे त्यांच्या वकिलातीतल्या कोर्टात चालणार. कंपनीचं म्हणणं असं की ड्रायव्हरने चढावर बेफिकिरीने गाडी हाकली. लियाकत कोठडीच्या गजातून मला एवढंच म्हणाला, "भाय, बरं झालं तू लिहून ठेवलंस."

सोमवार, १८ डिसेंबर

साहेबांनी बोलावून बसायला खुर्ची दिली. यापूर्वी कधी दिली नव्हती. हारुनच्या घरच्यांना पत्र मीच लिहावं अशी त्यांची इच्छा. मग म्हणाले, "कोर्टात तुला फक्त एवढंच विचारतील की वहीतलं अक्षर तुझं आहे का. हो म्हण. जास्त काही जोडू नकोस, कोर्टाला पाल्हाळ आवडत नाही. वॉलपोल म्हणायचा, निजलेल्या कुत्र्याला उठवू नये." शेवटी ते चरित्रांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "हे आता तुझंच. माझ्यापेक्षा तुलाच त्याची कदर आहे." आत त्यांनी माझं नाव घालून सही केली आहे. माझ्या आयुष्यात मला कुणी सही करून पुस्तक दिलं नव्हतं.

मी लियाकतबद्दलही विचारलं. म्हणाले, फार तर थोडा दंड होईल, कंपनी सांभाळून घेईल. माणूस दिलदार आहे.

हव्वाबीला पत्र लिहिलं. दोन पानं. 'कर्तव्याच्या वेदीवर' हा शब्दप्रयोग चांगला साधला होता, पण नंतर तो खोडला. का खोडला ते सांगता येत नाही.

मंगळवार, २ जानेवारी १९६८

काल ईद झाली. शेवया तशाच ठेवल्या. अजराचं पत्र आलंय, महिन्याभरापूर्वी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. त्यात म्हणते, 'त्यांच्या गाडीत काही बिघाड आहे असं ते कळवतात. भाय, तू तिथे आहेस म्हणून मला काळजी नाही.'

आज ही रोजनिशी पहिल्यापासून वाचून काढली. आठ नोव्हेंबरच्या पानावर लियाकतचं बोलणं जसंच्या तसं आहे. गाड्यांच्या वहीत ते नाही. आतापर्यंत ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती असं म्हणणार होतो, पण रोजनिशीत खोटं कशाला लिहू? दफनाच्या दिवशीच आली होती.

पण याचा अर्थ लगेच मी काही खोटं केलं असा होत नाही. ब्रेक बिघडलेत असंच मी लिहिलं. सभ्य भाषेत लिहिलं. ज्याला वाचायचं आहे त्याला त्यातून सगळं कळतं. साहेबांना नक्की कळलं असणार.

साहेबांना नक्की कळलं असणार. मग?

बुधवार, १७ जानेवारी

काल त्यांच्या पंतप्रधानाने पार्लमेंटात जाहीर केलं की तीन वर्षांत इंग्रज हे आखात सोडून जाणार. कचेरीत सगळे रेडिओला चिकटले होते. दीडशे वर्षं इथे यांचा शब्द चालला आणि एका दुपारच्या भाषणात आटपलं. मी हॅलमसाहेबांना विचारलं की आता पुढे कसं. ते पाइप भरत म्हणाले, "जाऊ. पण कागदपत्रं व्यवस्थित ठेवून जाऊ."

सात नंबर गाडी दुरुस्त झाली. ब्रेकचे सगळे भाग नवे घातले. हे काम अर्ध्या दिवसाचंच होतं. बैल गेला अन् झोपा केला.

आज बर्क वाचला. हेस्टिंग्जने हिंदुस्थानात जुलूम केला म्हणून या माणसाने त्याला पार्लमेंटापुढे खेचलं. पहिलंच भाषण चार दिवस चाललं, ऐकताना बायकांना घेरी आली. सात वर्षं खटला चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. हे मी वर्गात इतक्या वेळा शिकवलंय, पण दरवेळी भाषणापाशी थांबायचो. निकाल फक्त फळ्यावर लिहायचो.

सोमवार, २९ जानेवारी

उद्या खटला. लियाकतला भेटून आलो. इथे हिवाळ्यात वारा अंगाला झोंबतो आणि तो नुसत्या पातळ सदऱ्यात बसला होता. त्याची दाढी वाढलीय. मला म्हणाला, "थंडीने कापलो तर सायबाला वाटेल घाबरलोय."

मी थक्क झालो. चार्ल्स राजाला फाशीच्या माचीवर, म्हणजे शिरच्छेदाला, नेलं तेव्हा त्याने हेच म्हणून अंगात दोन शर्ट घातले होते. तारीख होती तीस जानेवारी. उद्याचीच. मी तिथल्या तिथे माझा लोकरी शर्ट काढून त्याला दिला आणि ही हकिगत सांगितली. तो म्हणाला, "मग काय झालं त्या राजाचं?"

मी म्हटलं, "शर्ट कामाला आला. कापला नाही."

जाताना त्याने विचारलं, "उद्या वही वाचतील ना?"

"वाचतील."

"मग माझं काम झालं."

वाटेत ठरवून टाकलं की उद्या ही रोजनिशी बरोबर न्यायची. कोटाच्या आतल्या खिशात मावते, बघितलं.

मंगळवार, ३० जानेवारी

झालं ते लिहितो.

मॅजिस्ट्रेट तरुण होता, चष्मा लावणारा, कुणावरही न ओरडणारा. लियाकतने दुभाष्याकडून सांगितलं की ब्रेक लागत नव्हते, तीन वेळा तक्रार केली होती, वही बघा. त्यावर वही आली. मॅजिस्ट्रेटने तिन्ही नोंदी इंग्रजीत मोठ्याने वाचल्या. लियाकतला त्यातलं अक्षरही कळलं नाही. दुभाषी त्याला एवढंच म्हणाला, "तुम्हारी कंप्लेंट पढ़ रहे हैं." लियाकतने माझ्याकडे बघून मान हलवली. माझा शर्ट त्याला खांद्यात आखूड होतो.

मग मला उभं केलं. अक्षर माझं का? हो. अंगठे याचे का? हो. यापुढे काही विचारणार नाहीत असं साहेब म्हणाले होते. पण त्या तरुण माणसाने चष्मा काढला आणि मला सरळ विचारलं, "हे ड्रायव्हरचेच शब्द आहेत का? का याहून गंभीर काही त्याने तुम्हाला सांगितलं होतं?"

रोजनिशी खिशात होती. हात घालायचा अवकाश. हॅलमसाहेब दुसऱ्या बाकावर होते. ते माझ्याकडे बघतही नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. मला आत्ता लिहिताना सगळी कारणं देता येतील: की वहीत फेरफार केला म्हणून मलाच धरतील, की नोकरी जाईल, की दोघं आत गेलो तर घरी चूल कोण पेटवणार. पण त्या क्षणी यातलं एकही मनात नव्हतं. मनात हेच होतं की एका शिकलेल्या इंग्रजासमोर, भर कोर्टात, मला म्हणावं लागेल: मी जे लिहिलं ते वाईट लिहिलं.

मी म्हटलं, "आशय तोच होता, साहेब."

निकाल लगेच दिला. दीड वर्ष कैद, मग देशात परत पाठवणी. मॅजिस्ट्रेट जे बोलला त्यातलं एक वाक्य अजून कानात आहे. "ज्याला कुणाचा जीव जाईल अशी भीती वाटते तो माणूस 'सवडीनुसार' असं लिहीत नाही."

लियाकत कापला नाही.

बुधवार, ३१ जानेवारी

मी खोटं बोललो नाही. आशय तोच होता. शब्द वेगळे होते. हे कोणताही न्यायाधीश मान्य करील.

साहेबांनी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मी हेडक्लार्क.

शनिवार, ३ फेब्रुवारी

क्रॉमवेल वाचायचा राहिला होता. आज पुस्तक उघडलं तर तेच पान निघालं. म्हणतात, एक चितारी त्याचं चित्र काढायला आला तेव्हा क्रॉमवेलने त्याला बजावलं की माझा चेहरा जसा आहे तसाच काढ. चामखिळी आहेत त्याही काढ. एकही वगळलीस तर दमडी देणार नाही.

मुलांना हे सांगताना मी गालावर बोट ठेवून चामखीळ दाखवायचो आणि वर्ग हसायचा. अकरा वर्षं मी हे शिकवलं. अकरा वर्षं मला वाटलं की ही एका राजेपण नाकारणाऱ्या माणसाच्या साधेपणाची गोष्ट आहे. लियाकत माझ्या टेबलापुढे येऊन तीनदा हेच म्हणाला होता. असंच लिही.

मी हारुनला मारला असं म्हणत नाही. पण ब्रेक अर्ध्या दिवसात होणार होता.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज दुपारच्या सुट्टीत रोजनिशी घेऊन एजन्सीच्या फाटकापर्यंत गेलो. आठ नोव्हेंबरच्या पानात खूण घातली होती. अर्धा तास भिंतीच्या सावलीत उभा राहिलो. तोच चष्मेवाला मॅजिस्ट्रेट गाडीतून उतरला, त्याने मला ओळखलं, थांबला. फार अदबीने विचारलं, "माझ्याकडे काही काम होतं का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. टपालाची वाट बघतोय."

मला माझी किळस येते. हे मी मराठीत लिहितोय, आणि याहून सभ्य शब्द मला शोधायचा नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

आज गाड्यांची वही. एकच नियम केला आहे: जो जे बोलेल ते, तसंच, शब्दही न बदलता. मरेपर्यंत. तीन नंबरचा ड्रायव्हर म्हणाला, स्टिअरिंग दारुड्यासारखं डोलतं. मी तसंच इंग्रजीत लिहिलं. साहेबांनी भुवया वर करून विचारलं, "तब्येत बरी नाही का, हमदुल्ला? तुझी भाषा बिघडलीय." स्टिअरिंग मात्र दुपारीच दुरुस्त झालं.

इतकं सोपं होतं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

तुरुंगात भेटीचा दिवस. लियाकतला सगळं सांगायचं असं नमाजनंतर मशिदीतच ठरवलं होतं. वहीत काय लिहिलं होतं, कोर्टात काय बोललो, सगळं. तो मला मारेल तर मारू दे, मधे गज असले तरी हात पोचतो.

पण तो आल्या आल्या म्हणाला, "भाय, कागद आणलायस? अजराला पत्र लिहायचंय. पोर व्हायच्या आत पोचायला हवं." त्याच्या अंगात माझाच शर्ट होता, कोपराजवळ उसवलेला. "मी सांगतो, तू लिही. जास्त गोड नको करूस."

मी म्हटलं, "एक शब्द बदलणार नाही." मांडीवर कागद घेतला.

तो डोळे मिटून सांगू लागला आणि मी लिहीत गेलो. 'अजरा, मी बरा हाय. दीड वर्ष काय, बोटीवरच्या दोन खेपा समज. पोरगा झाला तर नाव हारुन ठेव. पोरगी झाली तर तुझ्या मर्जीचं ठेव. हव्वाबीकडे जाऊन ये, तिला सांग की मी ओरडलो होतो.' इथे तो थांबला, नाक पुसलं. मग पुढे म्हणाला, 'गाडीचा ब्रेक गेलाय हे मी तीनदा बोललो. कुणाचा जीव जाईल असंही बोललो. तुझ्या भावाने तिन्ही वेळा मी बोललो तसंच सायबाला लिहून दिलं होतं. कोर्टातही तो माझ्यासाठी उभा ऱ्हायला.'

माझा हात थांबला.

त्याने डोळे उघडले. "लिहिलंस?"

सगळं सांगायला मी तोंड उघडलं. गजापलीकडे त्याचा चेहरा होता, दाढीतला, थकलेला, आणि माझ्यावर एवढासाही संशय नसलेला. या पाच बाय पाचच्या जागेत त्याच्याजवळ दुसरं काय आहे? दीड वर्ष तो हेच उशाला घेऊन झोपणार, की आपला एक माणूस बाहेर होता आणि त्याने आपलं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. ते मी आता काढून घेऊ? का हेसुद्धा माझंच एक सभ्य वाक्य, स्वतःला वाचवण्यासाठी रचलेलं? मला खरंच कळत नाही.

"लिहितोय," मी म्हटलं.

'सायबाने ऐकलं नाय, त्याला भाय काय करणार. त्याच्यावर कधी राग धरू नको. रोज नमाजात आधी त्याच्यासाठी दुवा माग, मग माझ्यासाठी.'

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, एक शब्द न बदलता.

"आता वाचून दाखव," तो म्हणाला.

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. लियाकत मान डोलावत ऐकत होता. मी शाईची डबी गजातून आत दिली. त्याने अंगठा बुडवला, कागदाच्या तळाला नीट जागा बघून उठवला आणि त्यावर फुंकर घातली.

"अगदी मी बोललो तसंच लिहिलंस, भाय," तो म्हणाला.